चौकोन एकोणीस

झोळीची स्प्रिंग मिलिंदनं उल्हासनगरहून आणली, कॅम्प दोनमधल्या एका हार्डवेअरवाल्याकडून. दुकानातल्या सिंधी काकांनी ती दोन्ही हातांनी ताणून दाखवली होती आणि म्हणाले होते, "साईं, हाथी का बच्चा सुला दो, कुछ नहीं होगा." घरी आल्यावर मिलिंदनं हे वाक्य तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तो एकटाच हसला.

छताच्या हुकाला स्प्रिंग, स्प्रिंगला आकडा, आकड्याला जनाबाईंच्या जुन्या लुगड्याची दुहेरी झोळी, झोळीला झोका द्यायची दोरी. यशूला आत ठेवलं की स्प्रिंग करकरत खाली यायची आणि झोळीचा तळ फरशीपासून वीतभर अंतरावर थांबायचा. तिला उचललं की झोळी झटक्यात वर जायची, मायाच्या गुडघ्याच्याही वर. पहिल्या दिवशी ती झोळी मायाच्या हनुवटीला लागली होती.

जनाबाई म्हणजे मायाच्या सासूबाई. नातीला त्या सगळं करायच्या. न्हाऊमाखू घालायच्या, टाळूवर तेल थापायच्या, भाताची पेज चमच्यानं भरवायच्या. फक्त झोळीला हात लावायच्या नाहीत.

"आई, जरा झोका द्या ना, मी कुकर लावते."

"माझ्या मांडीवर झोपते ती. झोळी कशाला लागते?"

आणि खरंच झोपायची. मांडीवर यशू, पुढ्यात तांदळाचं सूप, आणि उजव्या पायाचा अंगठा आपला सावकाश हलत असायचा, पुढे-मागे, पुढे-मागे. तांदूळ निवडताना, टीव्ही बघताना, सकाळी वंदनेला बसल्यावरसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा मायाला वाटलं होतं की ही काही वाताची खोड असेल. नंतर ते तिच्या नजरेला पडेनासं झालं.

यशूला आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मायाच्या आत काहीतरी बसल्यासारखं झालं होतं, विस्तव विझून बसतो तसं. रडू यायचं नाही, हसूही यायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप पुरी होत नाहीये, होईल सगळं ठीक. उरलं होतं ते एकच काम: यशू श्वास घेतेय की नाही ते बघणं. स्टीलच्या वाटीचा तळ तिच्या नाकाशी धरायचा आणि वाफ धरली की वाटी पुसून ठेवायची. दिवसातून वीस वेळा, कधी चाळीस वेळा. मिलिंदला हे माहीत नव्हतं. तो सकाळी सातला ठाण्याच्या ऑफिसला जायचा आणि रात्री आला की विचारायचा, "काय म्हणते आमची यशोधरा?" माया म्हणायची, "बरी आहे." तेवढं तिला नक्की माहीत असायचं. वाटीवर वाफ असायची.

कामाची बातमी पुतळाबाईंनी आणली. पुतळाबाई मोरिवलीच्या. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात जनाबाईंच्या शेजारी बसून त्यांनी सोळा वर्षं बाटल्या तपासल्या होत्या. कारखाना बंद पडून आता एकवीस वर्षं झाली होती. त्या दारातूनच बोलत आत आल्या.

"जने, तुजी सून शिकलेली हाय ना? आपल्या शेडात येक सायेब आलाय मुंबयचा. आमाला पैसं देतो, नुसतं हात हलवायचं. बाटली नाय, काय नाय. रिकामं हात!"

"येडा हाय का?"

"येडाच हाय. पन चा चांगला पाजतो. त्याला कम्पुटरवर बसायला मानूस पायजे."

"मी पोरीला टाकून कुठं जाऊ?" माया म्हणाली.

"घिऊन ये की. आमी काय टाकून जायचो?"

यावर जनाबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ चहाची भांडी घासत राहिल्या.

प्रमोद सर मुंबईच्या एका कला महाविद्यालयात शिकवायचे. पस्तिशीचे, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. त्यांना कुठल्याशा ट्रस्टकडून संशोधनाला पैसे मिळाले होते. त्यातून त्यांनी बंद कारखान्याचं तपासणीचं शेड भाड्यानं घेतलं होतं. शेड म्हणजे एक लांब खोली, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी. जमिनीवर पांढऱ्या रंगानं चौकोन आखलेले, खिडकीपासून दारापर्यंत आठ, अशा सहा ओळी. एकूण अठ्ठेचाळीस. छताला मधोमध एक छोटा कॅमेरा, चार कोपऱ्यांत चार स्पीकर.

"कॅमेरा एका सेकंदात पंधरा चित्रं घेतो," त्यांनी सांगितलं. "कॉम्प्युटर आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र ताडून बघतो. ज्या चौकोनात फरक पडला, त्या चौकोनाचा आवाज लागतो. इथं वाद्य नाही, वाजवणारा नाही. माणूस हलला की खोली वाजते. तुमचं बी.एस्सी. फिजिक्स ना? मग यात जादू काही नाही हे तुम्हाला सांगायला नको."

त्यांनी तिला मधून चालायला सांगितलं. पहिल्या पावलाला बाटलीवर बाटली आपटल्याचा किणकिणाट आला. दुसऱ्याला हापशाचं करकरणं. मग बारवी धरणाच्या पाइपलाइनीतून पाणी घुमतं तसा आवाज, मग गरम कढईत काहीतरी सोडल्याचा. ती थांबली, तशी खोली गप्प झाली. तिनं मान वळवली. खोली किंचित किणकिणली.

मायाला यात नवल वाटायला हवं होतं. तिला ते समजत होतं.

"कधीपासून येऊ?" तिनं विचारलं.

प्रमोद सर मंगळवारी आणि शनिवारी यायचे. मंगळवारी बायका यायच्या. पुतळाबाई, विठा आणि आणखी तिघी. सर त्यांना स्टुलांवर बसवायचे आणि सांगायचे, काम करायचंत तसं करा. त्या रिकामे हात उचलायच्या, नसलेली बाटली उजेडाला धरायच्या, मनगटातून एक फेर द्यायच्या, तडा आहे का, फुगा आहे का ते बघायच्या आणि उजवीकडे ठेवायच्या. उचल, धर, फिरव, ठेव. एकवीस वर्षांनंतरही पाचही जणींचा हात एकदम खाली यायचा. खोली त्यांच्याबरोबर वाजायची, मोठ्या घड्याळाच्या पोटात बसल्यासारखी.

ओळीत दाराकडून तिसरी जागा रिकामी असायची.

"मावशी, जरा सरकून घ्या, मध्ये खंड पडतोय," सर म्हणाले.

"ती जनीची जागा हाय."

"पण त्या येत नाहीत ना?"

"नाय येत. म्हनून काय तिच्या जागेवर बसायचं?" विठा म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला. माया जनीची सून, म्हणून सगळ्यांनी एकदा तिच्याकडे पाहून घेतलं.

दुसऱ्या मंगळवारी सरांना जाणवलं की हातांच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आहे. खालचा, संथ, एकसारखा.

"पाय कोण हलवतंय?"

"कुनी नाय."

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी."

पुतळाबाईंनी खाली पाहिलं. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. "अगं बया! इठे, तुजा बी हलतोय बग!"

पाचही जणींचा उजवा पाय हलत होता. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुतळाबाईंनी सरांना समजावलं: पोरं कुठं ठेवायची? टेबलाखाली, टेबलाच्याच पायांना झोळी बांधायची, झोळीची दोरी अंगठ्याला. वर हात बाटलीला, खाली पाय पोराला. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. "पाय आपला आपन चालायचा. डोकं लागायचंच नाय त्याला."

सरांनी हे वहीत लिहून घेतलं आणि 'डोकं लागायचंच नाय' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

बाकीच्या दिवशी माया एकटीच असायची. टेबल खिडकीपाशी होतं. मंगळवारच्या नोंदी तपासायच्या, आकडे टाइप करायचे. यशूला झोप आली की टेबलाजवळच्याच चौकोनावर सतरंजी टाकून निजवायचं. खिडकीकडून तिसरा, वरून तिसऱ्या ओळीतला. चौकोन एकोणीस. मग दर पाच मिनिटांनी उठायचं, वाकायचं, वाटी धरायची.

नोव्हेंबरात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. सरांनी सगळं पुसून पुन्हा नव्यानं टाकलं आणि जाताना म्हणाले, "तुम्ही सारखं उठता. एक करा. बाकीचे सत्तेचाळीस चौकोन बंद ठेवा, आणि एकोणीसची संवेदना पार वर चढवा. तिच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चादर घाला. श्वासानं पट्टे हलतील. बघू पकडतो का."

पकडलं.

एकोणीस नंबरचा आवाज म्हणजे रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर घातल्याचा. हूं. मग थोडं थांबून, हूं. माया खुर्चीत बसून ऐकत राहिली. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला एकतीस. तिनं उठून वाटी धरली, वाफ आली. ती परत येऊन बसली. हूं. हूं.

त्या दिवशी ती दीड तास उठली नाही.

यशू झाल्यापासून पहिल्यांदा तिनं सलग वीस ओळी टाइप केल्या. डबा गरम असताना खाल्ला. खिडकीतून दिसणारा डोंगर पाहिला, मलंगगडाचा. तो तिथं होता हे ती विसरूनच गेली होती. रोज ती वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहायला लागली. एकतीस, तीस, एकतीस, बत्तीस. सहा आठवड्यांत ते पान भरत आलं. वाटी घरीच राहू लागली.

एक-दोनदा काहीतरी खटकलं होतं. एकदा यशू जागी होऊन रडायला लागली, हातपाय झाडायला लागली, तरी आवाज तसाच शांत येत राहिला. मायाला वाटलं, मशीन जुनं आहे, मागे पडतंय. तिनं यशूला उचललं आणि उचलताउचलताच दुसऱ्या हातानं आवाज बंद केला. ती नेहमी तसंच करायची.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी यशूला सर्दी झाली. नाक चोंदलं होतं, ताप नव्हता. जनाबाई म्हणाल्या, "आज तिला बाहेर काढू नको. जा तू."

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. मोरिवलीच्या रस्त्यावर एकही टेम्पो नव्हता. नेहमीचा गोड-आंबट केमिकलचा वासही कमी होता. मायानं शेड उघडलं, खिडकी लावून घेतली, कॉम्प्युटर चालू केला, आणि रोजच्या हातानं सत्तेचाळीस चौकोन बंद करून एकोणीस वर चढवला. काम पुष्कळ होतं. ती टाइप करत राहिली. खोली ऊबदार होती. हूं. हूं. मध्ये तिनं घड्याळ बघून मोजलं आणि मागच्या पानावर लिहिलं, एकतीस.

लिहिताना तिनं सवयीनं सतरंजीकडे पाहिलं.

सतरंजी अंथरलेली नव्हती.

यशू आज घरी होती.

माया हलली नाही. हूं. हूं. थोड्या वेळानं तिनं पर्समधून मोबाइल काढून घरी लावला.

"आई, यशू?"

"मांडीवर हाय. झोपलीय. काय गं?"

"श्वास घेतेय ना?"

"घेतीय," जनाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर ती उठली आणि एकोणीस नंबरच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. हात हलवले. बाटलीचा आवाज बदलला नाही. तिनं जोरात हात फिरवले, वाकली, उडी मारली. हूं. हूं. खोलीला ती दिसतच नव्हती.

मग ती ओळीनं एकेका चौकोनातून पुढे सरकत गेली. वीस, एकवीस. दाराकडून तिसऱ्या चौकोनावर तिनं हात नेला आणि स्पीकरमधून इतकी मोठी किंकाळी आली की तिनं हात मागे ओढला. किंकाळी थांबली. शांतता. मग पुन्हा, जरा घाईघाईनं, दचकून उठलेल्या पोराचा श्वास होतो तसं, हूं, हूं, हूं. सावकाश होत होत पुन्हा एकतीसवर.

समोर मोकळी सिमेंटची जमीन होती. वर पांढरी रेघ. बाकी काही नव्हतं. तिनं टेबलाशी येऊन, नेहमी बंद असायची ती चित्राची खिडकी उघडली. पडद्यावर शेड उलटं दिसत होतं, आरशात दिसतं तसं. दार खिडकीच्या बाजूला, खिडकी दाराच्या बाजूला. व्हायरसनंतर सगळं नव्यानं टाकताना चित्र आरशासारखं उलटवायच्या पर्यायापुढची खूण तशीच राहिली होती, एवढंच. चूक साधी होती. कॉम्प्युटरचा एकोणीस म्हणजे जमिनीवरचा बावीस.

म्हणजे सहा आठवडे यशू ज्या चौकोनात झोपली होती, तिथला आवाज बंद होता.

मायानं मागचं पान पाहिलं. एकतीस, तीस, एकतीस, बत्तीस. तिच्याच अक्षरात.

संध्याकाळी मिलिंद यायच्या आधी जनाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. यशू मांडीवर होती. अंगठा हलत होता. माया समोर जाऊन बसली.

"आई, शेडात तुमची झोळी कुठं असायची?"

"पायाशी. अजून कुठं?"

"तुमच्या जागेच्या पुढं, टेबलाखाली?"

जनाबाईंनी सुपातला एक खडा काढला, निरखून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"मिलिंदच्या आधीची," त्या म्हणाल्या. "मुलगी. आठ महिन्यांची. सर्दी झाली होती जरा. सकाळी आठला झोळीत घातली. मधल्या सुट्टीत प्यायला उठली नाय, म्हटलं, झोपलीय तर झोपू दे. त्या दिवशी माल खूप होता. साडेचारचा भोंगा झाला तवर हलवत होते."

मायानं यशूकडे पाहिलं. नाक चोंदल्यामुळे तिचं तोंड उघडं होतं.

"भोंगा झाल्यावर हात लावला. पार गार. पुतळी म्हणाली, दुपारीच गेली असंल. कुनी म्हणालं, सकाळीच." त्यांनी सूप एकदा पाखडलं. "मला कळायला पायजे होतं. सगळे तेच म्हणाले. पण दोरी तेवढीच जड लागत होती गं. शेवटपर्यंत तेवढीच."

काहीतरी बोलायला हवं होतं, सासूच्या हातावर हात ठेवायला हवा होता, हे मायाला समजत होतं. तिनं वाटी आणली आणि यशूच्या नाकाशी धरली.

शनिवारी ती शेडाची किल्ली परत द्यायला गेली. यशूला घरीच ठेवलं होतं. प्रमोद सरांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या खांद्याकडे बघत. मग आरशाची खूण काढून टाकली, बाटलीचा आवाज बावीस नंबरच्या चौकोनाला लावला आणि तो वर चढवला.

हूं. हूं.

"ट्यूबलाइटचं लुकलुकणं असेल," ते म्हणाले आणि ट्यूब बंद केली.

हूं.

त्यांनी खिडकीला काळं कापड लावलं, पंखा बंद केला, पाल आहे का ते बॅटरीनं पाहिलं. चौकोनावर गुडघे टेकून बसले आणि हाताचा तळवा जमिनीपासून चार बोटं वर धरला. स्पीकर किंचाळले. त्यांनी हात काढला आणि शर्टाला पुसला. हात कोरडाच होता.

"सगळे चौकोन उघडा," ते म्हणाले. "पसरतंय का बघू."

मायानं अठ्ठेचाळीसही उघडले. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले, बिलकुल न हलता. खोली थोडा वेळ नुसती बाटलीच फुंकत राहिली.

मग ती थांबली.

मायानं मोजायला घेतलं. एक, दोन, तीन. पुढचा श्वास आला नाही. अकरा, बारा. तिच्या बोटांना वाटीची आठवण झाली.

तेवीस नंबर वाजला. हापशाचं करकरणं, दोनदा.

थांबला.

पुन्हा दोनदा.

"हे काय आहे?" सर म्हणाले. त्यांचे ओठ हलले म्हणून पंधरा नंबर किणकिणला.

मायाला माहीत होतं. शेजारच्या घरातलं पोर तिनं रोज बघितलं होतं. यशूला अजून जमत नव्हतं, म्हणून जास्तच बघितलं होतं. दोन हात पुढे, मग गुडघे. मग बसून दम खायचा. मग पुन्हा दोन हात.

चोवीस नंबर वाजला.

त्याच्यापुढे चौकोन नव्हते. त्याच्यापुढे दार होतं, आणि दार सताड उघडं होतं. माया येताना तसंच ठेवून आली होती.

खोली पूर्ण गप्प झाली.

"संपलं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी बावीस पुन्हा पुन्हा वर चढवून पाहिला. काही आलं नाही. "बघा, लूज कनेक्शनच असणार कुठंतरी."

मायानं किल्ली टेबलावर ठेवली. वहीचं मागचं पान फाडून घेतलं. मग, का ते तिला सांगता आलं नसतं, ती घरापर्यंत नेहमीपेक्षा हळू चालत गेली.

घराचं दार उघडं होतं. जनाबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, पुढ्यात सूप. मांडी रिकामी होती.

यशू झोळीत होती.

"तुम्ही घातलंत?"

"रडत होती. घातली."

मायानं आधी त्यांच्या पायाकडे पाहिलं. अंगठा स्थिर होता.

ती झोळीशी वाकली. दोन्ही हात आत घालून यशूला उचललं आणि खांद्याला लावलं. यशू गरम होती. मानेवर तिचा चोंदलेला, ओला श्वास लागला. एक, मग दुसरा.

मग तिला कळलं की स्प्रिंग करकरलेली नाही.

झोळी वर गेली नव्हती. तळ फरशीपासून वीतभरच होता. जुन्या लुगड्याचं कापड खाली ताणलेलं होतं, आणि मधोमध किंचित वर येत होतं, किंचित खाली जात होतं.

माया मोजत नव्हती. तरी तिचं डोकं मोजत होतं.

"उभी का राह्यलीस?" जनाबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "दोरी दे इकडं."

मायानं दोरी दिली.

जनाबाईंनी तिचा फास उजव्या अंगठ्यात अडकवला, सूप पुढे ओढलं आणि तांदळात बोटं घातली. पाय आपला आपण हलायला लागला. दोरी चांगली जड असावी. दर झोक्याला त्यांच्या पावलावरची शीर ताठ होऊन वर येत होती.